विद्यापीठाच्या गच्चीवर एक डिश हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामानाचे अंदाज सुधारण्याच्या केंद्राच्या ‘मिशन मौसम’ या योजनेवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेले दोन हजार कोटी, नवी डॉप्लर रडार, पुण्यात पाषाणच्या आयआयटीएममधला (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) ‘अर्का’ महासंगणक, सहा किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज देणारी नवी प्रणाली, सगळे त्यात आले आहे आणि माहिती चोख आहे. विद्यापीठांचा मात्र त्यात कुठे पत्ता नाही. हा लेखकाचा दोष मी म्हणणार नाही. आपली वाटणीच तशी ठरून गेली आहे: उपग्रह इस्रोने सोडायचे, चित्रे हवामान खात्याने काढायची, संशोधन आयआयटीएमने करायचे आणि विद्यापीठांनी पेपर तपासायचे. मी पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे, त्यामुळे पेपर तपासण्याला कमी लेखत नाही. पण ही वाटणी बरोबर नाही, आणि ती का बरोबर नाही हे सांगायला मला थोडे लांबून यावे लागेल. जागा जास्त गेली तर कात्री चालवावी, फक्त १९७९चा भाग ठेवावा ही विनंती.

माझा मुलगा अमेरिकेत मिलवॉकीला असतो. तिथून दीडेक तासावर मॅडिसन हे विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीचे गाव. त्याच्याकडे गेलो असताना बाकीची मंडळी तळ्याकाठी आइस्क्रीम खायला गेली आणि मी हट्टाने विद्यापीठाच्या आवारातली एक उंच इमारत बघायला गेलो. वेस्ट डेटन रस्त्यावर आहे. दिसायला काही विशेष नाही, आपल्याकडच्या एखाद्या सरकारी कचेरीत खपून जाईल. पण मान वर केली की गच्चीवर डिश दिसतात. हवामानाच्या उपग्रहांनी पाठवलेले आकडे त्या दिवसरात्र उतरवून घेतात, आणि खालच्या मजल्यांवर त्या आकड्यांचे काय करायचे हे ठरते. ही इमारत सरकारी वेधशाळेची नाही. ती विद्यापीठाची आहे, आणि त्याच इमारतीत हवामानशास्त्राचे वर्गही भरतात. मला बघायचे होते ते एवढेच.

या इमारतीतले अवकाश विज्ञान आणि अभियांत्रिकी केंद्र १९६५ मध्ये व्हर्नर सुओमी आणि रॉबर्ट पॅरेंट या दोघांनी उभे केले. पॅरेंट विद्युत अभियांत्रिकीतले, सुओमी हवामानशास्त्रातले. सुओमी मिनेसोटातल्या एव्हलेथ नावाच्या लोखंडाच्या खाणीच्या गावात, फिनलंडहून आलेल्या कुटुंबात जन्मले आणि आधी शाळेत विज्ञान शिकवायचे. मला त्यांच्याबद्दल जरा जास्त ममत्व वाटते ते यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांची पीएचडी मक्याच्या शेतावर होती. शेतावर ऊन किती पडते, त्यातले परत किती जाते, जमिनीत किती मुरते, वाफ करण्यात किती खर्ची पडते, याचा जमाखर्च. पुढे हाच जमाखर्च त्यांनी अख्ख्या पृथ्वीचा मांडायचे ठरवले आणि ऑक्टोबर १९५९ मध्ये एक्सप्लोरर ७ या उपग्रहावर त्यासाठीचे उपकरण वर गेले. मक्याच्या शेतातून अंतराळात जायला त्यांना नवे शास्त्र लागले नाही. तीच बेरीज, तीच वजाबाकी.

त्यांचे खरे नाव झाले ते कॅमेऱ्यामुळे. तोवरचे हवामान उपग्रह पृथ्वीला प्रदक्षिणा घालत, एखाद्या जागेवरून भर्रकन जात आणि ढगांचे एकेक सुटे चित्र देत. ढग कुठे आहे ते कळायचे, कुठे चालला आहे ते कळायचे नाही. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर उपग्रह ठेवला की तो पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, म्हणजे एकाच जागेकडे बघत राहतो (भूस्थिर उपग्रह म्हणतात तो हाच), हे माहीत होते. अडचण अशी की त्या काळातले असे उपग्रह तोल राखण्यासाठी स्वतःभोवती भोवऱ्यासारखे फिरवावे लागत. मिनिटाला १०० फेऱ्या. फिरत्या भोवऱ्यावर बसून फोटो काढायचा कसा? सुओमी आणि पॅरेंट यांनी ते फिरणेच कामाला लावले. उपग्रहाच्या एका फेरीत कॅमेऱ्याने पृथ्वीवरची एक बारीक आडवी रेघ वाचायची, पुढच्या फेरीला नजर किंचित दक्षिणेकडे झुकवायची, मग दुसरी रेघ. चित्राला सुमारे दोन हजार रेघा आणि मिनिटाला १०० फेऱ्या, म्हणजे वीस मिनिटांत उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे पृथ्वीचे पूर्ण चित्र. तेवढ्या उंचीवरून पृथ्वी जेमतेम सतरा अंशांत मावते. म्हणजे प्रत्येक फेरीतला एक विसांश वेळ कॅमेऱ्याला पृथ्वी दिसते आणि बाकी सगळा काळोख! हे गणित मी दरवर्षी अकरावीला घालायचो. वर्तुळाकार गतीवर याहून चांगले उदाहरण मला पाठ्यपुस्तकात मिळाले नाही.

डिसेंबर १९६६ मध्ये हा कॅमेरा एटीएस-१ उपग्रहावरून पॅसिफिक महासागरावर गेला. एकामागोमाग आलेली चित्रे जोडली आणि ढग चालायला लागले. आज रात्रीच्या बातम्यांत आपण जे हलते ढग बघतो, त्याची सुरुवात त्या विद्यापीठाच्या माणसांनी केली.

आता १९७९. त्या वर्षी मान्सूनचा अभ्यास करायला जगभरातून शास्त्रज्ञ इथे आले होते. ‘मोनेक्स’ नावाने ती मोहीम ओळखली जाते. अमेरिकी संशोधन विमाने मुंबईहून उडून अरबी समुद्रावर घिरट्या घालत होती, आपली आणि रशियाची जहाजे समुद्रात उभी होती. पण विमान तासाभरात एक रेघ मारून येते आणि जहाज एका ठिपक्यावर उभे असते. मधला सगळा समुद्र मोकळा. आपला स्वतःचा भूस्थिर उपग्रह तेव्हा नव्हता. इन्सॅट-१बी सुरळीत चालू लागला तो १९८३ नंतर. त्या एका वर्षासाठी अमेरिकेने आपला गोज-१ हा उपग्रह सरकवून हिंदी महासागरावर आणून ठेवला. त्याचे संदेश स्पेनमधल्या केंद्रात उतरवले गेले, आणि त्या चित्रांतले ढग एकेक करून पकडून, अर्ध्या तासात ते किती सरकले हे मोजून, त्यावरून वारा काढण्याचे काम झाले मॅडिसनला. त्यासाठीची ‘मॅकिडास’ ही संगणक यंत्रणा त्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच घरच्या घरी बांधली होती: पडद्यावर चित्र, हातात कर्सर, ढगावर बोट ठेवायचे आणि पुढच्या चित्रात तोच ढग शोधायचा. ढगाची उंची त्याच्या तापमानावरून, म्हणजे अवरक्त चित्रावरून. १ मे ते ३१ जुलै १९७९ या काळातले मान्सूनचे वारे अशा रीतीने काढून त्या केंद्राने छापून प्रसिद्ध केले.

त्या साली मान्सून उशिरा आला. जूनच्या मध्याला अरबी समुद्रात एक भोवरा तयार झाला आणि त्याच्या आगेमागे वारे कसे जोर धरतात हे पहिल्यांदा इतके नीट दिसले. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. देवरूखला आम्ही मृग कोरडा चालला म्हणून आभाळाकडे बघत होतो, आणि आमच्या आभाळाचा वारा कित्येक महिने बर्फ बघणाऱ्या गावातली मुले मोजत होती. मला यात अपमान वाटत नाही. उलट त्यांचे उपकार आहेत. पण त्यानंतर साडेचार दशके गेली, आपले स्वतःचे उपग्रह आले, आणि तरी आपल्या एकाही विद्यापीठातल्या मुलाला ढगावर बोट ठेवून वारा काढायचे काम रोजचे काम म्हणून करायला मिळू नये, याचे वाईट वाटते.

रोजचे काम हा माझा मुद्दा आहे. प्रकल्प आपल्याकडेही होतात. तीन वर्षांचा प्रकल्प, एक शोधनिबंध, एक परिषद, मग यंत्रावर कापड. त्या केंद्रात तसे नाही. तिथे उपग्रहाचा प्रवाह सतत चालू असतो, तो बंद पडला तर रात्री कुणीतरी उठून बघते, आणि ज्या माणसाचे समीकरण चुकले आहे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी आकड्यांतून ते दिसते. उपकरण बांधणारा इंजिनीअर, प्रोग्राम लिहिणारा आणि ढग ओळखणारा हे एका जिन्याने ये-जा करतात. यातून काय निघते त्याचे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. चक्रीवादळाच्या ढगांच्या रूपावरून त्याचा जोर ठरवायची रीत व्हर्नन ड्वोरॅक यांनी सत्तरच्या दशकात बसवली, पण ती बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून होती. विस्कॉन्सिनच्या केंद्रातल्या क्रिस्टोफर वेल्डन आणि टिमथी ओलँडर यांनी ती संगणकाकडून करून घेतली. वादळाच्या डोळ्यातले तापमान, भोवतीच्या ढगांचे तापमान, त्यांतला फरक, ढगांच्या पट्ट्यांचा पीळ, यांवरून यंत्र स्वतः जोर सांगते. जगात कुठेही वादळ उठले की त्या केंद्रात हे गणित सुरू होते. आपल्या समुद्रातल्या वादळांसाठीही. अमेरिकेत वादळाच्या पोटात विमाने पाठवतात, आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून आपल्याला तर उपग्रहावाचून गत्यंतर नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा देवरूखला आमचे फांद्या मोडण्यावर निभावले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आदल्या रात्री मी दोन पडदे उघडून बसलो होतो. एकावर आपल्या हवामान खात्याची इन्सॅटची चित्रे, ३डी आणि ३डीआर हे दोन उपग्रह मिळून दर पंधरा मिनिटांनी एक, आणि दुसऱ्यावर विस्कॉन्सिनचे आकडे. खात्याचा अंदाज त्या वेळी चांगला होता, हे मुद्दाम नोंदवतो. खात्याला शिव्या घालणे सोपे आहे आणि बऱ्याचदा अन्यायाचे आहे.

दुसरी गोष्ट जपणुकीची. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून ते केंद्र अमेरिकेच्या भूस्थिर उपग्रहांचा मूळ डेटा साठवत आले. तेव्हा एवढे आकडे ठेवायला संगणकाच्या टेपा परवडत नव्हत्या, तर त्यांनी टीव्हीवाले वापरत त्या यू-मॅटिक व्हिडिओ कॅसेटवर ते भरले. पुढे कॅसेट जुन्या व्हायला लागल्यावर सगळे नव्या माध्यमावर उतरवले. चाळीस वर्षांपूर्वीचे वादळ आजच्या सूत्राने पुन्हा तपासायचे तर हाच साठा लागतो. हवामानबदलावर आपण रोज बोलतो. तो मोजायचा तर जुनी चित्रे हवीत, आणि चित्रे म्हणजे छापील ठसे नव्हेत, मूळ आकडे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या ‘मॉसडॅक’वर आज नोंदणी करून इन्सॅटचा डेटा घेता येतो, ही चांगली सोय आहे. माझे मागणे त्याच्या पुढचे आहे. १९८३ पासून आपल्या भूस्थिर उपग्रहांनी जे जे पाठवले त्याची एक प्रत एखाद्या विद्यापीठाच्या हवाली करावी आणि ती जपायची, उतरवायची, तपासायची, चुका काढायची जबाबदारी त्या विद्यापीठावर टाकावी. हे काम खात्याला करायला वेळ नसतो, कारण खात्याला उद्याचा अंदाज द्यायचा असतो. विद्यार्थ्याला वेळ असतो.

‘हे सगळे अमेरिकेला परवडते’ हा आक्षेप ठरलेला आहे, म्हणून खर्चाचे बोलतो. भूस्थिर उपग्रहासाठी मोठी डिश लागेल, पण ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरणारे सुओमी-एनपीपी, नोआ-२०, नोआ-२१ हे उपग्रह आपल्यावरून जाताना चित्रे सर्वांसाठी प्रक्षेपित करतात. (त्यातल्या पहिल्याला २०१२ मध्ये आपल्या सुओमी मास्तरांचे नाव दिले.) अडीच-तीन मीटरची फिरती डिश ती पकडते. उतरलेल्या कच्च्या आकड्यांचे तापमान, धुके, धूर, ढगांची उंची असे रूपांतर करणारे सॉफ्टवेअर मॅडिसनचे हेच केंद्र फुकट देते. उपग्रह त्यांचा, गणित त्यांचे, आपल्याला घालायची आहे ती डिश, संगणक आणि माणसे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या गच्चीवर अशी डिश बसवली तर ८२० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाशी तिची नजरभेट चहूकडे अडीच-तीन हजार किलोमीटरपर्यंत होते; ओमानच्या किनाऱ्यापासून बंगालच्या उपसागरापर्यंतचे आभाळ एका फेरीत येते. मी दापोली म्हणतो कारण पश्चिमेला समुद्र मोकळा आहे आणि शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला देण्याचे काम तिथे आधीपासून चालते. रत्नागिरीचे मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्रही चालेल. पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भूचुंबकत्व संस्थेचे वरच्या थरातले वारे मोजणारे रडार आहे. म्हणजे माणसे आहेत, आवारे आहेत. पुण्यालाच सगळे का, हा कोकणी माणसाचा जुना प्रश्न मी इथे वाढवत नाही.

गोडी कशी लागते हे मी पाहिले आहे. निवृत्तीच्या आधीची काही वर्षे आम्ही कॉलेजच्या गच्चीवर दोन अॅल्युमिनिअमच्या कांड्या १२० अंशांत बांधून, त्यांची अँटेना करून नोआ-१५, १८ आणि १९ हे उपग्रह ऐकायचो. दोन-तीन हजारांचा एक रिसीव्हर लॅपटॉपला लावायचा, १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास यायचे, आणि उपग्रह दक्षिणेकडून वर आला की टिक-टॉक टिक-टॉक सुरू. सेकंदाला दोन रेघा. दहा-बारा मिनिटांत पडद्यावर लक्षद्वीपपासून गुजरातपर्यंत ढग उतरायचे. बारावी नापास होऊन पुन्हा बसलेला एक मुलगा पहाटेची फेरी चुकवायचा नाही. तो आज पुण्यात एका खासगी कंपनीत रेडिओची सर्किटे करतो. तीनही उपग्रह जून ते ऑगस्ट २०२५ या काळात बंद केले गेले. त्यांचे वय झाले होते, तक्रार नाही. पण शाळा-कॉलेजातल्या मुलाला स्वतःच्या हाताने आभाळ उतरवून घेण्याची सगळ्यात स्वस्त वाट त्याबरोबर गेली. रशियाचे मेटिऑर उपग्रह आहेत, त्यांचे संदेश डिजिटल, जरा जास्त खटपट लागते.

डिश मिळणे अवघड नाही, हे मी अनुभवावरून सांगतो. अवघड आहे ते पुढचे. आमच्याच भागातल्या एका महाविद्यालयात स्वयंचलित हवामान केंद्र बसले. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन, संगमरवरी पाटी. दुसऱ्या पावसाळ्यात पर्जन्यमापकात पाने अडकली. ती काढायला माणूस नव्हता, कारण तशी जागाच मंजूर नव्हती, आणि देखभालीचा करार संपलेला. प्राचार्य म्हणाले, शिपायाला सांगतो. शिपाई म्हणाला, हात लावला आणि मोडले तर? पाने आत, आणि वर आकाशातून धो धो पाऊस, नोंद शून्य. डिशचेही तेच होईल. जिथे निम्मे अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत, ज्यांना मेमध्ये पगार नाही, त्यांनी रात्री दोनला उठून उपग्रहाचा प्रवाह का तुटला ते बघावे असे म्हणायला मला तोंड नाही. म्हणून डिशबरोबर किमान चार कायम तंत्रज्ञांच्या जागा आणि दहा वर्षांचा देखभालीचा पैसा आधी मंजूर झाला पाहिजे. तो नसेल तर डिशही नको. मी हे रागाने म्हणत नाही, हिशेबाने म्हणतो.

विस्कॉन्सिनलाही सगळे आलबेल आहे असे नाही. त्या केंद्रातली बहुतेक माणसे संशोधनाच्या अनुदानावर आहेत. १९८० पासून तिथे नोआ या हवामान आणि महासागर बघणाऱ्या सरकारी संस्थेबरोबरची एक सहकारी संस्था चालते. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात नोआच्या अशा विद्यापीठीय संस्थांचा आणि प्रयोगशाळांचा निधी काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. म्हणजे साठ वर्षे चाललेल्या घरालाही नोटीस येऊ शकते. आपण त्यांच्या फुकट सॉफ्टवेअरवर आणि त्यांच्या आकड्यांवर किती दिवस विसंबणार, हा प्रश्न आता फक्त स्वाभिमानाचा राहिलेला नाही.

इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. देवरूख साधारण साडेत्र्याहत्तरवर. म्हणजे आमच्या अंगणातून सरळ दक्षिणेकडे तोंड करून वर बघितले तर तो तिथेच, जवळजवळ आमच्याच रेघेवर. त्याचे आकडे आले तसे, कच्चे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका विद्यापीठात उतरायला तांत्रिक अडचण कोणती आहे, हे कुणी अधिकाऱ्याने एकदा कागदावर लिहून द्यावे.

आपल्या वार्ताहराला माझी विनंती आहे. राज्यातल्या कुलगुरूंना फार काही विचारू नये. ‘मिशन मौसम’मध्ये आपण काही मागितले का, मागितले असेल तर काय, आणि त्यात तंत्रज्ञाची किती पदे होती, एवढे विचारावे आणि उत्तरे आहेत तशी छापावीत. ज्यांनी काही मागितले नसेल, त्यांची नावेही छापावीत.

आपला,
पदार्थविज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक,
देवरूख, जि. रत्नागिरी